रिकाम्या किटलीतल्या गोळ्या

ते साल दोन हजार तेवीस. आमच्याकडे कुणी आकडा सांगत नाही म्हणा. अधिक श्रावण आला आणि टोमॅटोला सोन्याचा भाव मिळाला ते साल, एवढं म्हटलं की अवसरीपासून जुन्नरपर्यंत सगळ्यांना कळतं. नारायणगावच्या बाजारात क्रेटांवर राखण ठेवायची वेळ आली होती. त्याच बाजारात, आपल्या मालाची बोली चालू असताना, माझा धाकटा भाऊ कुंडलिक दोन थप्प्यांच्या मध्ये खाली बसला आणि त्याला उठता येईना.

वाचला. पुण्याला नेऊन काळजाच्या नळीत स्प्रिंग टाकली. पण डॉक्टर म्हणाले, आणखी दोन नळ्या चोंदल्यात, बायपास करावी लागेल, थंडी सरायच्या आत करून घ्या.

दवाखान्यात पाऊल टाकलं तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. पॉलिसी होती ना. करोना ओसरल्यावर माझ्या मुलाने, भरतनेच, दोन्ही मामांच्या घरी एकेक काढून दिली होती. मंचरला त्याचा गाळा आहे. विमा, गाड्यांचं पासिंग, पॅनकार्ड, सगळं एका टेबलावर. पहिल्या दिवशी कंपनीचं 'मंजूर' आलं. मग प्रश्न यायला लागले. एकाचं उत्तर द्यावं तर दुसरा तयार. जुने रिपोर्ट दाखवा. गावचा डॉक्टर कोण ते सांगा. ॲटॅक आला तेव्हा साखर थोडी वाढलेली का दिसली? घरी सोडायच्या दिवशी आम्ही बांधाबांध करून बसलो, तर दुपारी कळलं की मंजूर केलेलंही मागं घेतलंय. आधी तुम्ही भरा, कागद पाठवा, मग बघू. टोमॅटोने दिलेलं टोमॅटोच्याच हंगामात गेलं. कागद पाठवले. आणि भाद्रपदात पत्र आलं. कुंडलिक यांना पॉलिसी घेण्याआधीपासून मधुमेह आहे, ते वर्षानुवर्षं गोळ्या घेतात, ही गोष्ट त्यांनी लपवली. क्लेम नामंजूर. पॉलिसी रद्द.

त्यातला 'रद्द' सगळ्यात वाईट. एका कंपनीने काढून टाकलेल्या माणसाला दुसरी घेत नाही. आणि आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजनेतही बसेना. म्हणजे बायपास करायची तर उरलंसुरलं रान विकायचं, नाहीतर देवावर हवाला.

कुंडलिकने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बरं."

एवढंच. त्याची मुलगी अक्षदा मला नंतर सांगत होती, "आत्या, मी त्या पत्रानं एवढी पेटले नव्हते, जेवढी त्या 'बरं'नं पेटले."

---

आमच्या भावकीत पित्राच्या जेवणाला नाही म्हणायची पद्धत नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझे दोघे भाऊ, थोरला सावळेराम आणि धाकटा कुंडलिक, बारा वर्षांमागं वेगळे झाले. तेव्हापासून थोरला धाकट्याशी बोलत नव्हता, धाकटा थोरल्याशी. जावा तर एकमेकींच्या सावलीला उभ्या राहत नव्हत्या. पण आमच्या वडलांचं, आबांचं पित्र एक वर्ष एकाकडे, एक वर्ष दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे नसेल त्याने गुमान येऊन पंगतीला बसायचं. बोलायची सक्ती नव्हती, जेवायची होती.

त्या वर्षी पाळी कुंडलिकची. मी सकाळीच सासरहून, अवसरीहून भरतच्या गाडीवर आले. कुंडलिक ओसरीत खाटेवर उशीला टेकून होता. वाळला होता. सारखा दाराकडे बघत होता.

"कोणाची वाट बघतोस रे?"

"कोणाची न्हाई आक्का."

आत अक्षदा वडे तळत होती आणि धाकटी भावजय विमल गवार निवडत होती. भरतने आत डोकं घातलं.

"या भरतदादा," अक्षदा झारा वर धरून म्हणाली. "एकटेच? कंपनी न्हाई का आली जेवायला?"

"अक्षे, माझ्यावर कशाला कढतीस? मी पॉलिसी विकतो. क्लेम बघणारं खातं वेगळं असतं. त्यांच्यामधी आणखी एक मधली कंपनी, ती कागद तपासती. चौकशीला माणूस पाठवायचा तर तो तिसऱ्याच एजन्सीचा. मला त्यांच्यातलं एक माणूससुद्धा ओळखत नाय."

"हप्ता घेताना तर लई ओळखत व्हते. वाढदिवसाला पप्पांना मेसेज यायचा."

"तो आपोआप येतो गं."

"आणि चौकशीवाल्याला कळलं कुठनं, पप्पा साखरेच्या गोळ्या खातात म्हणून? आम्हाला घरात माहिती न्हाई ते त्याला जुन्नरात कळतं?"

इथं भरतने डोकं मागं घेतलं. कारण पत्रात तेच होतं. जुन्नरच्या औषध दुकानदाराने लिहून दिलं होतं की कुंडलिक वर्षानुवर्षं दर महिन्याला साखरेच्या गोळ्या नेतो.

विमलने गवारीच्या शेंगेचं टोक कचकन मोडलं. "मी इचारलं त्यांना. कोणाच्या गोळ्या नेत व्हता? तर म्हणत्यात, असंच, कोणाच्या तरी. वन्सं, तुमीच सांगा, नवरा दर महिन्याला जुन्नराला जातो, नारायणगावात चार दुकानं सोडून, आन कोणाच्या तरी गोळ्या आणतो. कोण म्हातारी सांभाळलीय का काय तिकडं?"

"म्हातारीच असंल," मी म्हटलं. "तरणीला साखर कशाला हुईल?"

अक्षदाला हसू आलं, पण विमलला नाही. तिचे डोळे भरून आले होते. "चेष्टा नका करू वन्सं. मला त्यांची चोरी उघडी पाडायची न्हाई. मला फकस्त बायपास व्हायला पायजे."

---

पंगतीच्या आधी दारात एक स्कूटर थांबली. कमरुद्दीनभाई. जुन्नरचे ते दुकानदार हेच. पांढरी दाढी, हातात कागदी पुडी. पत्र आल्यावर अक्षदाने फोनवर त्यांना नको नको ते ऐकवलं होतं. तरी आले.

ते ओसरीच्या पायरीवरच उभे राहिले. "कुंडलिकभाऊ, मला आत यायला सांगू नका. आधी ऐकून घ्या. एक माणूस आला व्हता दुकानात. चांगला, गोड बोलणारा. म्हणला, मी दवाखान्याकडनं आलोय, पेशंट अतिदक्षतेत हाय, त्याला बोलता येत न्हाई, कोणत्या गोळ्या चालू हायेत ते सांगा, न्हाईतर डॉक्टर भलतंच औषध देतील. मी पटापटा सांगितलं. वर म्हणलो, दर महिन्याला नेतात, कधी चुकत न्हाईत, लई नेमाचा माणूस. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. मला वाटलं, जीव वाचवतोय."

मी म्हटलं, "भाई, आत या. आज पित्राचं हाय, दारात कोणी उभं राहत नाय."

ते आत आले, पण बसले नाहीत. पुडी खाटेवर ठेवली. "दोन महिने झाले, तुमी आला न्हाईत. गोळ्या संपल्या असतील म्हणून घेऊन आलो. नागा बरा न्हाई यात. कागद गेला खड्ड्यात, औषध चालू पायजे."

कुंडलिकने ती पुडी झटकन उचलून उशीखाली सारली. इतक्या घाईने, की छातीत कळ येऊन त्याचे डोळे मिटले.

"भाई," अक्षदा म्हणाली, "पप्पा ह्या गोळ्या खातच न्हाईत. दवाखान्यात दहा दिवस माझ्यासमोर होते. एक गोळी साखरेची मागितली न्हाई त्यांनी."

कमरुद्दीनभाई तिच्याकडे बघत राहिले. "मग कोण खातं?"

"तुम्ही कधी विचारलं न्हाई?"

"बाळ, जो नेतो त्याचं नाव सांगतो आमी. एका घराचं एकच माणूस येतं, सगळ्यांचं घेऊन जातं. चिठ्ठी एका शिबिरातली, तिच्यावर नाव पुसलेलं. मी समजलो, ह्यांचीच."

कुंडलिक डोळे मिटूनच म्हणाला, "अक्षदा, पानं वाढायला घ्या. दादा आला असंल."

त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. दादा. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता.

---

सावळेराम आला तो सगळ्यात शेवटी. मागं त्याची बायको सखूबाई, पदर दातात धरून. सावळेराम आता सत्तरीला टेकलेला, पण चालणं अजून पैलवानाचं. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा पंच तोच. त्या दिवशी मात्र त्याने उंबऱ्याशी चप्पल काढायला वेळ लावला. डाव्या पायात मोजा होता. भाद्रपदाच्या उन्हात मोजा. कुणीतरी म्हणालं, "काय पैलवान, साहेब झाला का?" तो हसला आणि भिंतीकडेला बसला, पाय मांडीखाली घेऊन.

पुढचं त्याच्या मनातलं मला त्यानेच सांगितलं, दवाखान्यात, फार दिवसांनी. म्हणाला, "आक्का, पान समोर आलं आणि मला दिसली ती खिरीची वाटी. बाकी काय वाढलं मला म्हायतच न्हाई." दोन महिने गोळी नव्हती. तोंडाला कोरड पडायची. पायाच्या बोटाला टोमॅटोच्या बांबूचा काप गेला होता, तो भरत नव्हता, आता काळं पडलं होतं. जुन्नरला स्वतः जावं, तर कोणी बघेल. आणि जाऊन सांगायचं काय?

पंगतीला खीर नको म्हणणं सोपं नसतं. आबांच्या नावाची खीर. वाटी रिकामी झाली की वाढणारीने आणखी ओतायची, खाणाऱ्याने हात आडवा करायचा, तरी तिने ओतायची. सावळेरामने पहिली वाटी दोन घोटांत संपवली, कडू काढा प्यावा तशी. त्याला वाटलं, संपलं. पण विमल पुढे सरकली. दिराशी ती बोलत नव्हती, पण हात कुणाला टाळत नव्हता. तिने पळी भरली.

शेजारचा गेणभाऊ ओरडला, "वाढा, वाढा! पैलवानाला एका वाटीनं काय व्हतंय?"

आणि खाटेवरून कुंडलिक म्हणाला, "दादाला खीर नको वाढू."

पंगत थांबली. खरंच थांबली. हात पानावर तसेच राहिले. सखूबाईने वर पाहिलं. बारा वर्षं न बोललेला माणूस, आणि बोलला तर हे.

"का रं?" गेणभाऊ म्हणाला. "भावाची खीर मोजायला लागला व्हय तू?"

सखूबाई ताडकन उठली. "उठा हो. चला. येवढं ऐकायला न्हाई आलो आपण. खीर तोडली आता, उद्या पाणी तोडतील. तोडलंच व्हतं म्हणा."

"बस खाली सखू," सावळेराम म्हणाला.

"मी न्हाई बसायची!"

अक्षदाच्या हातात ताकाचं भांडं होतं. ती चुलत्याकडे बघत होती, मग बापाकडे, मग उशीकडे. मला नंतर म्हणाली, "आत्या, मला एकदम सकाळची डेरी दिसली." दोघं भाऊ रोज दूध घालायला जायचे. एकमेकांकडे पाठ करून रांगेत उभे राहायचे. दूध ओतून झालं की किटल्या कट्ट्यावर ठेवायचे. लहानपणी ती बापाबरोबर जायची, तेव्हा एकदा बापाने भावाच्या रिकाम्या किटलीत काहीतरी टाकून झाकण लावलेलं तिने पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाला होता, "माशी गेली आत, तिला हाकलली."

तिने भांडं खाली ठेवलं. पंगतीत काही बोलली नाही. शहाणी पोर. पंगत कशीबशी उरकली.

---

पाहुणे गेले. राहिलो आम्ही घरचे आणि कमरुद्दीनभाई, ज्यांना मी जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. सखूबाई निघायला निघाली होती, पण सावळेराम जागचा हलला नाही.

अक्षदाने उशीखालची पुडी काढून त्याच्यासमोर ठेवली. "तात्या, तुमच्या आहेत ना ह्या?"

"अक्षदा!" कुंडलिक ओरडला. "ठिव ते! शपथ हाय आईची."

"कोणाची शपथ?" सखूबाई म्हणाली. "कसल्या गोळ्या? अहो, कसल्या गोळ्या?"

सावळेराम पुडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साखरेच्या. शिबिरात निघाली व्हती. हाच घेऊन गेलता मला, इकत्र व्हतो तवा. मी त्याला आईची शपथ घातली, कोणाला सांगायचं न्हाई."

सखूबाई खाली बसली. आणि बोलली ते भलतंच. "मी रोज दोन चमचे साखर घालते हो तुमच्या च्यात!"

"तू घालत व्हतीस म्हणून पीत व्हतो."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"आबांचं बघितलंस ना तू? साखरेनं पाय गेला. खाटेवर पडलेले. येणारा दारातनंच इचारून जायचा. पंच म्हणून मला आखाड्यात बोलावत्यात सखू. दारातनं इचारणारी माणसं मला नको व्हती."

विमल नवऱ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत सकाळची म्हातारी अजून होती, पण ती आता विरघळत होती. "आन तुमी? भांडण झाल्यावर पण आणत राहिला?"

कुंडलिक म्हणाला, "भांडण पाण्याचं व्हतं."

अक्षदा उठली. तिला आता थांबवत नव्हतं. "मग झालंच की! तात्यांनी लिहून द्यायचं, गोळ्या माझ्या. भाईंनी सांगायचं, नेणारा वेगळा, खाणारा वेगळा. कंपनीनं ऐकलं तर ठीक, न्हाईतर पुण्याला विमा लोकपाल आहे, तिथं तक्रार. वकील लागत न्हाई. भरतदादा, सांग की!"

भरत खांबाला टेकून उभा होता. माझ्या पोटचा पोर, त्याचा चेहरा मला वाचता येतो. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"सांगतो," तो म्हणाला. "कुणीतरी सांगायला पायजेच. मोठ्या मामांची पॉलिसी त्याच कंपनीची हाय. त्यांच्या फॉर्मवर पण तेच लिहिलंय, आजार कायबी नाय. आपल्या भावकीतल्या हर्षालीच्या लग्नात मांडवात बसून मोबाईलवर भरला होता मी. बीपी? नाय. साखर? नाय. दोघं मामा माझ्या दोन बाजूंना बसले व्हते, एकानं म्हणलं नाय, दुसऱ्यानंबी म्हणलं नाय. आता मोठ्या मामांनी लिहून दिलं की त्यांना कित्येक वर्षं साखर हाय, तर धाकट्या मामांचं काम होईल. आन महिनाभरात मोठ्या मामांना असंच पत्र येईल. रद्द."

"रद्द झाली तर झाली," विमल म्हणून गेली.

"का झाली तर झाली?" सखूबाई तिच्यावर उसळली. "तुज्या नवऱ्याची पायजे, माज्या नवऱ्याची नको?"

"माझा नवरा ह्यांच्यापायी अडकला, बाई!"

"मग आणायच्या नव्हत्या गोळ्या! कोणी सांगितलं व्हतं?"

"म्हंजे आता उपकार पण आमचाच गुन्हा?"

मी म्हटलं, "दोघी गप बसा." पण मी कोणाच्या बाजूने बोलू? दोन्हीकडे भाऊ. आणि मध्ये भरत. खोटा फॉर्म निघाला की कंपनी भरणाऱ्याला विचारणार. तो ते बोलला नाही, मीच विचारलं. "आन तुझं काय हुईल रे?"

"माझा एजंटचा कोड बंद करतील, पॉलिसी विकता यायची नाय," तो खाली बघत म्हणाला. "ते जाऊ दे आई."

जाऊ दे म्हणत तो खांबावरचा पोपडा नखाने काढत राहिला.

सखूबाई त्याच्याजवळ गेली. आल्यापासून ज्याच्याकडे तिने बघितलं नव्हतं, त्या भाच्याचा दंड तिने धरला. "बरोबर बोलतोय पोरगं. कोणाचंच भलं न्हाई यात. भाई, तुमीच सांगा की त्यांना, मी चुकून बोललो म्हणून. दुसऱ्या कोणाच्या व्हत्या म्हणा. एखाद्या मेलेल्या माणसाच्या."

कमरुद्दीनभाई हात जोडून म्हणाले, "वहिनी, एकदा न विचारता बोललो, त्याचं हे झालं. आता मेलेल्या माणसाचं नाव कुठनं आणू?"

"कोणाचं नाव घ्यायचं न्हाई," कुंडलिक म्हणाला. तो खाटेवर सरळ बसला होता, ओठ निळसर. "मी सांगतो. माझ्याच व्हत्या. पत्र खरंय. इषय संपला."

"आणि बायपास?" अक्षदाने विचारलं.

"बघू."

"काय बघू पप्पा? काय बघू?"

तो उत्तर देणार होता, पण धाप लागली. विमल पाठ चोळायला धावली. तेवढ्यात सावळेरामने मांडीखालचा डावा पाय बाहेर काढला आणि मोजा ओढला. मोजा सहज निघेना. चिकटला होता. निघाला तेव्हा खोलीत वास पसरला आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं, वांगं जळावं तशी.

सखूबाईने किंकाळी दाबली.

कमरुद्दीनभाई गुडघ्यावर बसून बघायला लागले. "हे आजच्या आज डॉक्टरला दाखवा. आज. उद्या न्हाई."

"दाखवू," सावळेराम म्हणाला. तो अक्षदाशी बोलत होता. "पोरी, त्या लोकपालाला काय पायजे? कागद का माणूस?"

"दोन्ही चालतं तात्या."

"मग माणूस घेऊन चल."

"अहो, पण ह्या पायाचं!" सखूबाई रडायला लागली. "कापायचा म्हणले तर? पॉलिसी असताना कापू, मग काय सांगायचं ते सांगा. येवढं तरी थांबा."

भरत हलकेच म्हणाला, "मामी, तसं पण नाय चालणार. दवाखान्यात गेले की पहिला प्रश्न तोच, साखर किती वर्षं? मामा खोटं बोलले तर बोटं सांगतील."

सावळेराम उठला. एका पायावर भार देत खाटेपाशी गेला आणि कुंडलिकच्या पायथ्याशी बसला. कुंडलिकने पाय आखडून जागा केली. एकमेकांजवळ बसायची सवयच नव्हती.

मग सावळेराम म्हणाला, "दोन महिने किटली रिकामी यायची. मला वाटलं, तू पण सोडलंस."

"खाटेवरनं कसं टाकणार दादा?"

"ते कळलं रे. पण सकाळी झाकण उघडून बघायचो."

मी भरतकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते त्याची वाट. मी म्हटलं, "गाडी काढ. मामाला मंचरला दवाखान्यात ने. आणि येताना त्या लोकपालाचा कागद घेऊन ये."

त्याने गाडी काढली. जाताना माझ्याशी बोलला नाही.

---

कंपनीने पहिल्या तक्रारीला तेच उत्तर पाठवलं, नुसती तारीख बदलून. मग लोकपाल. पौषात पुण्याला बोलावलं. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा माणूस, तरुण, विनयाने बोलणारा. दुसऱ्या बाजूला अक्षदा, कमरुद्दीनभाई आणि काठी घेऊन सावळेराम. तिथल्या साहेबांनी विचारलं, गोळ्या कोणाच्या? सावळेराम म्हणाला, माझ्या, आणि पाय पुढे केला. साहेब म्हणाले, पाय दाखवायची गरज नाही. तो म्हणाला, राहू द्या, येवढा आणलाय तर बघा. कंपनीच्या माणसाने समोरच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते अक्षदाला तिथंच कळलं होतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने क्लेम दिला, पॉलिसी पुन्हा चालू केली. थंडी सरता सरता कुंडलिकची बायपास झाली. तो सुधारला. आता पुन्हा दूध घालायला जातो, पण गाडीवर मागं बसून.

सावळेरामची पॉलिसी होळीच्या आधी रद्द झाली. पत्र जवळजवळ तेच, नाव तेवढं वेगळं. त्याची दोन बोटं आधीच काढली होती, पण विष वर चढत गेलं. खासगी दवाखान्यात ठेवायला कुंडलिक हटून बसला होता, रान काढायला निघाला होता. सावळेराम म्हणाला, तू माझ्या पायापायी रान विकलंस तर मी उठून घरी जाईन. शेवटी सरकारी दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला. दारातून विचारणारी माणसं आली. त्याने सगळ्यांना आत बोलावून बसवलं. ज्येष्ठात गेला. पॉलिसी असती तर जगला असता का, हा प्रश्न मला अजून अंथरुणावर उठवून बसवतो.

सखूबाईला तो प्रश्न नाही, तिला उत्तर माहीत आहे. ती कुंडलिकच्या उंबऱ्याला अजून पाय लावत नाही. विमल मात्र रोज सकाळी तिच्या दारात भाजी ठेवून येते. सखूबाई ती घेते. बोलत नाही.

भरतचा कोड बंद झाला. गाळा आहे, पासिंगची कामं करतो. माझ्याशी बोलायला त्याला दिवाळी उजाडावी लागली, आणि बोलला तेही, "आई, च्या ठेव," एवढंच. कमरुद्दीनभाईंच्या दुकानात आता त्यांचा मुलगा अनस बसतो. म्हातारा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, "कोणासाठी नेतोस?" लोक वैतागतात. अक्षदाला पेठ गावात दिली. तिच्याकडे बायका कंपन्यांची पत्रं घेऊन येतात. ती पत्र नंतर वाचते, आधी विचारते, "तुमच्या घरी गोळ्या कोण आणतं?"

यंदाचं पित्र कुंडलिककडे झालं. आता पाळी उरली नाही, दरवर्षी त्याच्याकडेच. आबांच्या पानाशेजारी सावळेरामचं पान मांडलं. विमलने खिरीची वाटी ठेवली आणि उठायला लागली, तर कुंडलिकने तिच्या हातातून पातेलं घेतलं. वाटी काठोकाठ भरली. मग दुसरी वाटी आणायला सांगितली, तीही भरली.

"अहो, बास," विमल म्हणाली.

"वाढू दे," तो म्हणाला. "आता खाऊ दे त्याला."